विचारा की! : अमेरिकेतला फ्रेंच बोलणारा गिरणगाव

या महिन्यात पत्रं भरपूर आली आणि गंमत म्हणजे बहुतेक सगळी एकाच विषयावरची, कारण मागच्या वेळी आपल्या सोलापुरातल्या अशोक चौकातल्या एका काकूंचा प्रश्न जागेअभावी नुसता छापला होता, उत्तर राहिलं होतं. त्यांचा प्रश्न परत देते, मग बाकीच्यांचे.

प्रश्न : ताई, माझा भाचा अमेरिकेत ऱ्होड आयलंड राज्यात वूनसॉकेट नावाच्या गावात नोकरीला आहे, ती औषधाच्या दुकानांची सीव्हीएस कंपनी आहे ना, तिचं हेड ऑफिस तिथं आहे. तो म्हणतो गावात नदीकाठी जुन्या गिरण्याच गिरण्या आणि चर्चवर, दुकानांवर, सिमेट्रीतल्या दगडांवर सगळी फ्रेंच नावं. अमेरिकेत तर इंग्रजांचं राज्य होतं, मग हे फ्रेंच लोक तिथं कसे? — एक काकू, अशोक चौक

उत्तर : काकू, हे लोक थेट फ्रान्समधून नाही आले, वरच्या अंगाला कॅनडात क्वेबेक म्हणून प्रांत आहे तिथून आले. क्वेबेकमध्ये फ्रेंचांनी १६०८ मध्ये वसाहत केली आणि १७६३ मध्ये ती इंग्रजांकडं गेली, राजा बदलला पण शेतकरी तिथंच राहिले, तीच भाषा, तोच कॅथलिक धर्म. नदीला लागून लांबलचक अरुंद पट्ट्यांची शेतं, घरात आठ-दहा लेकरं, दोन पिढ्यांत वाटण्या होऊन होऊन पट्ट्याची फीत झाली. वर जमिनीचा कस गेलेला, सावकाराचं कर्ज आणि चार-पाच महिने बर्फ. धाकट्या पोरांनी करायचं काय? १८४० ते १९३० या काळात नऊ लाखांच्या आसपास लोक क्वेबेक सोडून खाली अमेरिकेत उतरले.

उतरले ते गिरण्यांसाठी. वूनसॉकेट ब्लॅकस्टोन नदीवर आहे, नदीला तिथं चांगला धबधबा आहे, आणि याच नदीवर खाली पॉटकेट गावात १७९० मध्ये पाण्याच्या जोरावर सूत कातायचं अमेरिकेतलं पहिलं यशस्वी मशीन चाललं. १८६५ ला तिथलं यादवी युद्ध संपलं तसं कापडाला मागणी आली, रेल्वे झालेलीच होती, मग एक घर आलं की त्याच्या मागं मेहुणा, मेहुण्याच्या मागं त्याच्या गावातले चार जण. हे मी तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही अशोक चौकात राहता! आपल्याकडं १८७७ ला जुनी मिल चालू झाली आणि करीमनगर, वरंगल, नलगोंडा भागातले पद्मशाली विणकर असेच एकामागं एक आले, तिकडं यंत्राच्या कापडानं हातमाग बसवला होता आणि इकडं माणसं हवी होती. साखर पेठ, कन्ना चौक, भद्रावती पेठ असा आख्खा पूर्व भाग तेलुगू बोलायला लागला. वूनसॉकेटमध्ये तर प्रकार त्याच्याही पुढं गेला, विसावं शतक लागेपर्यंत निम्म्याहून बऱ्याच जास्त लोकांची घरची भाषा फ्रेंच होती. म्हणजे देशात अल्पसंख्य आणि गावात बहुसंख्य.

आता यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट, ॲरम पोथिए नावाच्या माणसाची. जन्म १८५४, क्वेबेकमध्येच. इकडं येऊन बँकेत लागला, १८९४ मध्ये गावाचा मेयर झाला, पुढं १९०९ मध्ये थेट राज्याचा गव्हर्नर. हा माणूस फ्रान्सला गेला की तिथल्या रुबे आणि तुरक्वां या लोकरीच्या गिरण्यांच्या गावांतल्या मालकांना गाठायचा. त्याचा हिशेब सरळ होता : अमेरिकेनं बाहेरून येणाऱ्या लोकरी मालावर जबर जकात बसवली आहे, तुमचा माल तिथं महाग पडतो, मग गिरणीच आमच्या गावात काढा ना, पाणी आहे, रेल्वे आहे आणि कामगार तुमचीच भाषा बोलतात. मालक आले की खरंच! लाफायेत वर्स्टेड आणि अजून बऱ्याच गिरण्या निघाल्या, बारीक मऊ लोकरी सूत काढायची फ्रेंच पद्धत सोबत घेऊन. म्हणजे भाषेमुळं उद्योग येतो हे त्या माणसानं करून दाखवलं, आणि आपल्याकडं अजून भाषा म्हणजे भांडणाचाच विषय, असो.

प्रश्न : माझे वडील विष्णू मिलमध्ये होते, मी मिलच्या चाळीतच वाढलो. तिकडच्या गिरण्यांत बायका-पोरं पण कामाला होती का? संप वगैरे झाले का? — एक रिटायर्ड वाचक, देगाव नाका

उत्तर : दादा, होती तर! तिथं घरात कमावते हात किती यावरच सगळं गणित होतं, एकट्या बापाच्या पगारात भागायचंच नाही. पोरांना बहुतेक डॉफरचं काम. भरलेली बॉबिन काढायची, रिकामी लावायची, परत मशीन चालू, बोटं लहान आणि चपळ असतील तर काम पटकन. लुइस हाइन म्हणून एक फोटोग्राफर होता, त्यानं १९०९ मध्ये जवळच्याच न्यू हॅम्पशर राज्यातल्या मँचेस्टरच्या गिरण्यांबाहेर अशा पोरांचे फोटो काढले, अनवाणी, टोपी घातलेली पोरं. बालमजुरीचे कायदे कडक व्हायला त्याच्या फोटोंचा मोठा हात आहे.

विणकर खात्यातली एक गोष्ट तुमच्या वडिलांना लगेच कळली असती. धोट्यात नवीन कांडी घातली की धागा त्या बारीक भोकातून बाहेर काढायला विणकर भोकाला तोंड लावून हवा आत ओढायचे, धागा फटकन बाहेर. काम दोन सेकंदांचं, पण तोच धोटा दिवसभरात चार जणांच्या तोंडाला लागायचा, सोबत कापसाची धूळ आणि सुताची खळ पोटात, त्यात टीबी. तिथले कामगार याला मृत्यूचं चुंबन म्हणायचे. शेजारच्या मॅसॅच्युसेट्स राज्यानं १९११ मध्ये असल्या धोट्यावर बंदी घातली, कायद्यानं बंदी घालायची वेळ आली म्हणजे विचार करा किती चालत असेल.

संपाचं म्हणाल तर सुरुवातीला ही मंडळी संपवाल्यांच्या डोळ्यांत खुपायची. आधी आलेले आयरिश कामगार पगारासाठी संप करायचे आणि मालक क्वेबेकची गाडी भरून माणसं आणायचे, त्यामुळं दोघंही कॅथलिक असून दोघांत विस्तव जात नव्हता. १८८१ मध्ये तर मॅसॅच्युसेट्सच्या कामगार आकडेवारी खात्याच्या सरकारी अहवालात छापून आलं की हे कॅनडाचे फ्रेंच म्हणजे पूर्वेकडच्या राज्यांतले चिनी आहेत, इथं कमवायचं आणि घरी न्यायचं, इथलं व्हायचं नाही. त्या काळी चिनी म्हणजे शिवीच होती. (चिन्यांची त्यात काय चूक, हे विचारायची पद्धत नव्हती.) फ्रेंच लोक असे खवळले की बोस्टनला सुनावणी घ्यायला लावली आणि आमची घरं, आमची चर्चं, आमच्या शाळा बघा म्हणून साक्षी दिल्या.

पण तेच लोक पुढं युनियनवाले झाले. १९३१ मध्ये मंदीत पगार कापले जात होते तेव्हा जोसेफ श्मेट्झ या बेल्जियमहून आलेल्या सूतकात्यानं इंडिपेंडंट टेक्स्टाइल युनियन काढली. हा समाजवादी विचाराचा माणूस, त्यात फ्रेंच बोलणारा, त्यामुळं कामगारांशी त्यांच्याच भाषेत बोलला आणि चर्चचा विरोध असताना युनियन गावभर पसरली, नुसती गिरणीत नाही, इतर धंद्यांतही. १९३४ च्या सप्टेंबरात देशभर कापड कामगारांचा संप झाला तेव्हा वूनसॉकेटच्या रेयॉन गिरणीसमोर नॅशनल गार्डनं, म्हणजे राज्याच्या राखीव फौजेनं, गोळ्या झाडल्या, माणूस मेला. गरीब, मुकाट, देवभोळे म्हणून आणलेले लोक दोन पिढ्यांत इतके बदलले.

प्रश्न : मी तेलुगू माध्यमाच्या शाळेत शिकवते. पट दरवर्षी खाली येतोय. त्यांच्या फ्रेंच शाळा होत्या का, आणि सरकारनं बंद केल्या का? — एक शिक्षिका, दत्त नगर

उत्तर : मॅडम, होत्या, आणि त्या सरकारच्या नव्हे, चर्चच्या होत्या. प्रत्येक फ्रेंच वस्तीचं आपलं चर्च, चर्चला जोडून शाळा, शिकवायला क्वेबेकहून आलेल्या नन, अर्धा दिवस फ्रेंच आणि अर्धा दिवस इंग्रजी. लोकांनी कवडी कवडी जमवून बांधलेल्या. भाषा गेली तर धर्म गेला, धर्म गेला तर आपण गेलो, अशी त्यांची पक्की समजूत होती. १९२२ मध्ये ऱ्होड आयलंडनं पेक कायदा केला, खाजगी शाळांतही मुख्य विषय इंग्रजीतूनच शिकवा म्हणून. त्यावर आरडाओरडा झाला, निवडणुकीत राग निघाला, १९२५ मध्ये कायदा सौम्य झाला. इथवर सगळे एक होते.

खरी फूट घरातच पडली. प्रॉव्हिडन्सचे बिशप हिकी हे आयरिश वंशाचे, त्यांनी सगळ्या चर्चना निधीचे कोटे ठरवून दिले, मोठी कॅथलिक हायस्कुलं बांधायला, अर्थात इंग्रजी वळणाची. वूनसॉकेटचा एक वकील एल्फेज देन्यो उभा राहिला, म्हणाला आमच्या चर्चमध्ये पडलेला पैसा आमच्या शाळेसाठी आहे, बिशपला तो उचलून न्यायचा अधिकार नाही. १९२४ मध्ये त्यानं ला सांतिनेल नावाचं पेपर काढलं. मग पत्रापत्री, सभा, रोमला अर्ज, शेवटी १९२७ मध्ये चर्चवर चक्क सरकारी कोर्टात केस! लोकांनी चर्चमधल्या बाकाचं भाडं देणं बंद केलं, तिथं बसायच्या जागेचं भाडं भरावं लागायचं. देवळाच्या ट्रस्टींवर भक्तांनी केस टाकावी तसला प्रकार. १९२८ मध्ये रोमनं देन्योसकट साठेक जणांना धर्मातून बाहेर काढलं आणि पेपर वाचायला बंदी केली. बहिष्कार म्हणजे काय, तर लग्न नाही, शेवटचे संस्कार नाहीत, दफन नाही. १९२९ मध्ये बहुतेकांनी माफी मागितली आणि प्रकरण मिटलं.

मिटलं म्हणजे कागदावर. काही घरांत भाऊ भावाशी बोलेनासा झाला, कोण बिशपकडचा आणि कोण सांतिनेलवाला हे पुढं कितीतरी वर्षं लोक लक्षात ठेवून होते. माझं मत विचाराल तर देन्योचा मुद्दा बरोबर होता आणि रस्ता चुकला. सगळी ताकद बिशपशी भांडण्यात गेली, आणि तोवर मुलं रस्त्यावर इंग्रजीतच खेळायला लागली होती, त्याकडं कुणाचं लक्षच नव्हतं.

प्रश्न : मी पतसंस्थेत क्लार्क आहे. अशा कामगारांना कर्ज कोण द्यायचं? — एक वाचक, साखर पेठ

उत्तर : तुमच्या प्रश्नानं खूश केलं राव, कारण अमेरिकेतली पहिली पतसंस्था याच लोकांची! वूनसॉकेटमध्ये नाही, वर सांगितलेल्या मँचेस्टरमध्ये. बँका गिरणी कामगाराला दारात उभं करायच्या नाहीत. क्वेबेकमध्ये आल्फोन्स देजार्दां यांनी १९०० मध्ये लेव्ही गावात लोकांची पतपेढी काढली होती, पहिली ठेव होती १० सेंटची. त्यांना मँचेस्टरच्या फ्रेंच चर्चचे पाद्री मोन्सिन्योर एव्हे यांनी बोलावून घेतलं आणि नोव्हेंबर १९०८ मध्ये तिथं पतपेढी सुरू झाली, एका वकिलाच्या घरातल्या खोलीत. दिवसा पाळी करून आलेले लोक संध्याकाळी येऊन चिल्लर भरायचे. ती संस्था सेंट मेरीज बँक नावानं आजही चालू आहे आणि ते पहिलं घर आता पतसंस्थांचं म्युझियम आहे.

मूळ कल्पना जर्मनीच्या रायफायझन यांची, आणि त्याच कल्पनेवरून इकडं इंग्रज सरकारनं १९०४ चा सहकारी पतसंस्था कायदा केला, १९०५ मध्ये गदगजवळ कणगिनहाळला देशातली पहिली सोसायटी निघाली. म्हणजे भारतानं यात अमेरिकेला तीन वर्षांनी मागं टाकलंय. हे तुमच्या वार्षिक सभेत सांगा, टाळ्या पडतील.

प्रश्न : खायला काय काय असतं तिथं? — आठवीतला वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : शाब्बास, मुद्द्याचं विचारलंस. नाताळच्या आदल्या रात्री प्रार्थना करून आले की तुर्तिएर, म्हणजे खिम्याचा पाय, मसाल्यात लवंग दालचिनी, आजी करते आणि आजीला मेमेर म्हणतात. आणि वूनसॉकेटचं स्वतःचं एक सँडविच आहे, नाव डायनामाइट! खिमा, ढोबळी मिरची, कांदा, टोमॅटो आणि वर तिखट. आपल्या शेंगाचटणीपुढं त्यांचं तिखट टिकेल असं वाटत नाही.

प्रश्न : मग आता तिथं फ्रेंच बोलतात की नाही? — काकूंचा भाचा, व्हॉट्सॲपवरून

उत्तर : तूच सांगायला पाहिजेस खरं तर! पण तुला ऑफिसात फ्रेंच ऐकू येत नसेल, कारण आता बोलणारे बहुतेक म्हातारे. १९३० च्या मंदीत अमेरिकेनं सीमा आवळली आणि क्वेबेकहून नवीन माणसं यायची थांबली, ही पहिली गोष्ट. नवीन सून, नवीन भाडेकरू, नवीन पाद्री, हे सगळे ताजी भाषा घेऊन यायचे ते बंद झालं. मग दुसऱ्या महायुद्धात पोरं सैन्यात गेली, आल्यावर सरकारी सवलतीत शिकली, गावाबाहेर बंगले घेतले. दरम्यान गिरण्या दक्षिणेकडच्या राज्यांत निघून गेल्या, तिथं मजुरी स्वस्त आणि युनियन नाही. एका चाळीत तीन मजले, तिन्हीत फ्रेंच, खाली फ्रेंच वाण्याचं दुकान, ही रचनाच मोडली. पेक कायद्यानं जे झालं नाही ते गिरण्या बंद पडून आणि पगार वाढून झालं.

या शनिवार-रविवारी कुठं जाऊ असं तू विचारलं नाहीस पण सांगते. सेंट ॲन चर्च बघ. १९४० च्या दशकात ग्विदो निनकेरी नावाच्या चित्रकारानं आतल्या भिंती आणि छत ओल्या गिलाव्यावर रंगवून काढलं, आणि देवदूत, संत, पापी यांच्या चेहऱ्यांसाठी त्याच चर्चमध्ये येणारी गावातली माणसं बसवली. शेकडो चेहरे आहेत. म्हणजे गिरणीत काम करणारी बाई वर ढगात पंख लावून उभी, आणि खाली तिची नात मान वर करून तिला ओळखतेय. नरकातल्या चेहऱ्यांसाठी कुणाला बसवलं यावर गावात काय काय चर्चा झाल्या असतील! चर्च म्हणून ते २००० मध्ये बंद झालं, पण गावातल्याच लोकांनी सांस्कृतिक केंद्र म्हणून वाचवलं. जायच्या आधी वेळ बघून घे, रोज उघडं नसतं. आणि तिथून जवळच जुन्या गिरणीच्या इमारतीत कामगारांचं म्युझियम आहे, १९९७ पासून, क्वेबेकच्या शेतकऱ्याच्या घरापासून युनियनच्या हॉलपर्यंत सगळं मांडलंय.

प्रश्न : हे सगळं वाचून आमच्या तेलुगूचं पण असंच होणार का, असं वाटायला लागलंय. — तीन-चार पत्रांतला प्रश्न, सगळी पूर्व भागातून

उत्तर : जुनी मिल गेली, लक्ष्मी-विष्णू गेली, नरसिंग गिरजी गेली, म्हणजे भोंगे तर इथंही थांबले. पण फरक आहे. इथं मिल बंद झाली तरी माग बंद नाही झाला, तो घरात आला, चादर-टॉवेलचे पॉवरलूम त्याच गल्ल्यांत चालू राहिले आणि बायकांच्या हाताला विडीचं काम होतं, त्यामुळं वस्ती फुटली नाही. वूनसॉकेटमध्ये गिरणी गेली की शेजार गेला, इथं शेजार राहिला. दुसरं, सोयरीक अजून तेलंगणात होते, इथून हैदराबाद रात्रीच्या गाडीनं गाठता येतं, घरात टीव्हीवर तेलुगू चालूच असतं. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो तेव्हा गल्लीतली गर्दी कुठल्या भाषेत ओरडते ते कानानं ऐका.

काळजीची जागा वेगळी आहे. महापालिकेच्या मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा शाळा या शहरानं चालवल्या, पण आता पद्मशाली पोरगं तेलुगू शाळेतून निघून मराठी शाळेत जात नाहीये, ते आणि त्याच्या शेजारचं मराठी पोरगं दोघंही इंग्लिश मीडियमच्या एकाच व्हॅनमध्ये बसतात. दत्त नगरच्या मॅडमचा पट त्यामुळं खाली येतोय, आणि माझ्या गल्लीतल्या मराठी शाळेचा पण त्यामुळंच. बोलायची तेलुगू अजून पन्नास वर्षं कुठं जात नाही असं मला वाटतं, लिहिता-वाचता येणारे मात्र आत्ताच मोजायला लागले तर लवकर मोजून होतील. तुमच्या घरात आजोबांच्या हातचं तेलुगूत लिहिलेलं काही असेल, हिशेबाची वही, पत्रं, भजनाची वही, तर घरात ते वाचू शकणारं शेवटचं माणूस कोण आहे ते बघा आणि त्याच्याकडून वाचून रेकॉर्ड करून ठेवा, मोबाईलवर चालतं.